पाचाच्या वर जागा नाही

१८ जानेवारी, रविवार. गुळपोळ्या लाटत होते.

किचन माझं नव्हतं. दुबईत, अल बर्शात अनघावहिनींच्या फ्लॅटमध्ये सकाळपासून उभी होते. संध्याकाळी त्यांच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. गुळपोळी घाईत होत नाही. आतलं सारण आणि बाहेरची कणीक सारखी मऊ लागते, नाहीतर लाटताना गूळ कडेला पोचत नाही. आच जास्त झाली की गूळ फुटून तव्यावर येतो, जळतो, आणि पुढची प्रत्येक पोळी कडू लागते. मी शारजात, अल नहदाला, घरून पोळ्यांच्या ऑर्डरी घेते. पण वहिनींची ऑर्डर घरून चालत नाही. त्यांना त्यांच्या तव्यावरच्या गरम लागतात.

वहिनी माझ्याच वयाच्या. त्या मला "अगं" म्हणतात, मी त्यांना "अहो वहिनी" म्हणते. त्यांचे यजमान माझ्या नवऱ्याच्या कंपनीत मॅनेजर आहेत, नवरा तिथे गोडाऊनला स्टोअरकीपर. आणि वहिनी स्वतः माझ्या मुलीच्या शाळेत ऑफिसला आहेत. पालकांचं काही काम असलं की आधी त्यांच्याकडे जायचं. प्रज्ञाची ॲडमिशन त्यांच्यामुळे झाली. हे मी विसरणार नाही याची काळजी त्याच घेतात.

पाच वाजता बायका आल्या. मी गरम पोळ्यांचं ताट आणि तुपाचं भांडं घेऊन हॉलमध्ये गेले. बोलणं मुलांच्या शाळांवर आलेलं होतं. या बायका दुसरं फारसं बोलत नाहीत.

"मी तर मेलवर मेल टाकले," एक सांगत होती. "आर्यनला सेट टूमध्ये टाकलं होतं. सरळ लिहिलं, धिस इज नॉट ॲक्सेप्टेबल. दोन आठवड्यांत सेट वन."

"करावंच लागतं बाई. इथे गप्प बसलं की मूल तिथेच राहतं."

मग आर्यनच्या आईचं लक्ष माझ्याकडे गेलं. "हिची मुलगीपण तुझ्याच शाळेत ना गं, अनघा?"

"हो, इयर इलेव्हनला. मीच तर घेतलं तिला." वहिनींनी माझ्या ताटातली पोळी उचलली. "पण ती फाउंडेशनला आहे. हायर सगळ्यांना झेपत नाही ना. घरात तसं वातावरण लागतं. पण मुलगी गुणी आहे हं. हाताने छान आहे. आईसारखी."

"आईला मात्र पोळ्यांत नऊपैकी नऊ!" कुणीतरी म्हणालं.

सगळ्या हसल्या. तोंडात पोळी होती त्यांनी हात आडवा धरून हसून घेतलं.

मीही हसले. तूप वाढत पुढे गेले.

माझ्या मुलीबद्दल मला माहीत नसलेली गोष्ट मी अशी ऐकली. ताट हातात धरून.

नऊ हा तिथला सर्वात वरचा ग्रेड आणि एक सर्वात खालचा, एवढं मला ठाऊक होतं. फाउंडेशन म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मला वाटलं एखादी तुकडी असेल. आमच्या वेळी अ, ब, क असायच्या तशी.

परत तव्यापाशी उभी राहिले. एका पोळीचा गूळ फुटला.

प्रज्ञा सहावीपर्यंत चिपळूणला माझ्यापाशी होती. मी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होते. बारावी झालेली. औषधकंपनीची पोरं यायची, डॉक्टरांशी इंग्रजीतून बोलायची. मी समोर बसून ऐकायचे. कानाला इंग्रजी तिथे लागलं. बोलायची वेळ कधी आली नाही, त्यामुळे जीभ वळली नाही. पण कळतं. बरंच कळतं.

नवरा आधीपासून इकडे होता. पगार थोडा वाढला, कंपनीने निम्मी फी देऊ केली, तेव्हा आम्ही आलो. इंडियन शाळांतल्या जागा भरलेल्या होत्या. वहिनी म्हणाल्या, आमच्या ब्रिटिश शाळेत एक सीट आहे, उद्याच्या उद्या या. शाळा सीमेपलीकडे दुबईत. आम्ही धावत गेलो. सातवीला म्हणजे इयर सेव्हनला बसवलं. इयर सेव्हन ही खरं तर आपली सहावी. म्हणजे पोरीने सहावी पुन्हा केली. हेही मला नंतर कळलं.

पहिल्याच आठवड्यात गणिताची परीक्षा घेतली. प्रज्ञाचं गणित चांगलं होतं. आमच्या शाळेत बाई तिलाच फळ्यावर उभं करायच्या. पण इथे गणितं वाक्यांत घातलेली. कुणीतरी कार्पेट घेतो, कुणीतरी कुंपण घालतो. तिला कार्पेटही वाचता आलं नाही आणि कुंपणही. कोरा पेपर दिला. गणिताला हुशारीप्रमाणे चार गट असतात, त्यांना सेट म्हणतात; शाळेने तिला सेट फोरमध्ये टाकलं. सर्वात खालच्या.

पाच महिन्यांत ती इंग्रजी बोलायला लागली. वर्षात माझ्याशीही इंग्रजीतच बोलायला लागली. सेट मात्र चारच राहिला. मी कधी विचारलं नाही. विचारायचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं. शाळेने मूल कुठेतरी बसवलं, म्हणजे बघूनच बसवलं असेल, असं मी धरून चालले.

मग इयर नाइन आलं. शाळेने बोलावलं. पुढची दोन वर्षं कुठले विषय घ्यायचे ते त्या दिवशी ठरतं. त्यांची इयर टेन आणि इलेव्हन मिळून एकच अभ्यासक्रम, आणि शेवटी परीक्षा. आपल्या हिशेबाने प्रज्ञा तेव्हा आठवीत होती. आठवीत काय ठरतं? आमच्याकडे दहावीपर्यंत सगळे एकच विषय शिकतात, एकाच पेपरला बसतात. कलेक्टरचा मुलगा आणि गवंड्याचा मुलगा, प्रश्न तेच. निकाल लागला की मग सायन्स की कॉमर्स. नवरा म्हणाला, "दहावी तर होऊ दे. आत्तापासून कशाला?" मलाही तेच वाटलं. अल नहदातल्या आमच्या टॉवरमध्ये जेवढी मराठी घरं आहेत, तेवढ्या सगळ्यांना तेच वाटतं. दहावीला बघू.

इथे दहावीच्या आधी दार लागतं. कडीचा आवाजसुद्धा येत नाही.

त्या मीटिंगला वहिनी शेजारी बसल्या. मला इंग्रजी येत नाही म्हणून भाषांतराला. समोर एक गोऱ्या मॅडम. त्यांनी हसून विचारलं, प्रज्ञाला पुढे काय करायचंय? मी मराठीत सांगितलं, "तिला फार्मसी करायचीय." आमच्या बिल्डिंगखाली औषधांचं दुकान आहे. तिथे काउंटरवर एक बाई असते, पांढरा कोट, शांत आवाज. प्रज्ञा तेव्हा सर्दीची गोळी आणायला गेली तरी अर्धा तास यायची नाही.

वहिनींनी मॅडमकडे तोंड केलं. म्हणाल्या, "द फॅमिली इज व्हेरी रिअलिस्टिक. दे वुड लाइक समथिंग प्रॅक्टिकल."

मी ऐकलं. शब्दन् शब्द कळला. फार्मसी हा शब्द इंग्रजीतच आहे, त्याचं भाषांतर करायची गरज नव्हती. तरी तो मॅडमपर्यंत पोचला नाही.

मॅडम म्हणाल्या, "लव्हली." प्रज्ञाला तीन वेगळ्या सायन्सऐवजी एकत्र सायन्स दिलं. एक विषय फूड अँड न्यूट्रिशनचा. एक टेक्स्टाइलचा. मी मान हलवली. बाहेर आल्यावर वहिनी म्हणाल्या, "बरं झालं गं. ओझं कमी. तीन-तीन सायन्स म्हणजे पोरीचा जीव जातो." मी त्यांना थँक्यू म्हटलं.

का गप्प बसले? कारण सीट त्यांनी दिली होती. कारण नवरा त्यांच्या यजमानांच्या हाताखाली. आणि कारण दहावी अजून यायची होती.

गप्प बसण्याची सवयही जुनी. आमची वस्ती खेडच्या पुढे, गावाच्या कडेला. बौद्धवाडी. चौथीत स्कॉलरशिपची परीक्षा असायची. मी वर्गात पहिली-दुसरी यायचे. एक दिवस सहा जणांना हॉलतिकिटं वाटली. माझं नव्हतं. मी गुरुजींच्या टेबलाशी गेले. ते म्हणाले, "तुझं नाव पाठवलं नाही. तुला काय करायचीय स्कॉलरशिप? सरकार तुम्हाला तसंच देतं." वर्ग हसला. मी जागेवर जाऊन बसले. घरी आईला सांगितलं. आई भात लावत होती. दुसऱ्या दिवशी कामावर न जाता माझ्याबरोबर शाळेत आली, दाराबाहेर उभी राहिली आणि गुरुजींना म्हणाली, "नाव का नाय पाठवलंत ते माझ्या तोंडावर सांगा." गुरुजी म्हणाले, मुदत संपली. आई म्हणाली, "मुदत नाय विचारली." एवढंच. परीक्षा काही मिळाली नाही. पण पुढच्या वर्षी सातवीच्या स्कॉलरशिपला वाडीतल्या दोन मुलांची नावं गेली.

तव्यापाशी उभी असताना मला आईचं ते वाक्य आठवलं. फार वर्षांनी.

हॉलमधला हळदीकुंकवाचा कार्यक्रम झाला. प्रत्येकीला काचेचे डबे वाण म्हणून दिले. मग वहिनी करंडा आणि उरलेला एक डबा घेऊन किचनमध्ये आल्या. दरवर्षी असंच होतं. हॉलमध्ये नाही, ओट्यापाशी. शेवटी.

"ये गं, तुझंही उरकून घेऊ."

माझ्या आईने कधी कुणाच्या हळदीकुंकवाला पाऊल टाकलं नाही. तिला कुणी बोलावलं नाही हा एक भाग. बोलावलं असतं तरी ती गेली नसती हा दुसरा. आमच्यात हे करत नाहीत. मी मात्र इथे आल्यापासून दर संक्रांतीला या ओट्यापाशी कपाळ पुढे केलं होतं. सीटच्या बदल्यात.

वहिनींचं बोट कुंकवात बुडून वर आलं. मी डोकं मागे घेतलं.

"नको."

"अगं, सवाष्णीने नाही म्हणू नये."

"आमच्याकडे करत नाहीत, वहिनी."

"इतकी वर्षं तर करत होतीस."

"हो. करत होते."

त्यांचं बोट हवेत तसंच राहिलं. लाल. मग त्यांनी ते नॅपकिनला पुसलं. "काय झालंय तुला?"

"फाउंडेशन म्हणजे काय?"

"आता? घरात पाहुणे आहेत."

"पाहुण्यांना माहीत आहे. मला नाही."

त्या हसल्या. शाळेच्या ऑफिसात हसतात तसं. "अगं, सोपा पेपर असतो. पोरीच्या भल्यासाठीच आहे. शांत डोक्याने बोलू." आणि गेल्या. मी लाटणं धुतलं, तवा धुतला, डबा ओट्यावर ठेवून निघाले.

घरी आले तेव्हा प्रज्ञा जेवणाच्या टेबलावर अभ्यासाला बसली होती. नवरा टीव्हीसमोर. मी ओढणी काढायच्या आधी विचारलं.

"फाउंडेशन कुठली तुकडी आहे?"

तिने मान वर केली नाही. "इट्स नॉट अ क्लास, आई. इट्स द पेपर."

"म्हणजे?"

"मॅथ्सचे दोन पेपर असतात. हायर अँड फाउंडेशन. सेट फोरला फाउंडेशनच. फाउंडेशनमध्ये मॅक्सिमम फाइव्ह मिळतात."

"सगळं बरोबर आलं तर?"

"फाइव्ह."

"एकही चूक नाही केली तर?"

"आई. फाइव्ह. इट स्टॉप्स देअर."

मी खुर्चीत बसले. "आणि पुढे? अकरावी-बारावीला केमिस्ट्री घ्यायला?"

"सिक्स्थ फॉर्मला मॅथ्समध्ये सिक्स लागतात. मॅथ्सच घ्यायचं तर सेव्हन."

पाचाच्या वर जागा नाही, आणि दार सहाला उघडतं. एवढी साधी गोष्ट. इतकी वर्षं फी भरली, बसमध्ये बसवलं, गणवेशाला इस्त्री केली. ही एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नाही. गावच्या शाळेत गुरुजी भेद करायचे, पण पेपर करत नव्हता. एकदा पेपर हातात पडला की सगळ्यांना शंभर मार्कांचा. इथे कुणी वाईट बोलत नाही. सगळे लव्हली म्हणतात. पेपरच वेगळा देतात.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"इयर टेन."

"मला का नाही सांगितलंस?"

आता तिने वर बघितलं. "तू जाऊन भांडली असतीस. अनघा मॅम म्हणाल्या, डोन्ट मेक इट अ बिग थिंग फॉर युअर पेरेंट्स. पप्पांचा जॉब..."

नवऱ्याने टीव्हीचा आवाज कमी केला. "हे बघ, सायबांच्या घरचा विषय आहे. त्यांच्यामुळे ॲडमिशन झाली. कुंकवाला नाही म्हणालीस, तेवढं पुरे. मला आत्ताच फोन येऊन गेला. खलास आता."

"पोरीचं काय?"

"नर्सिंग असिस्टंट होईल. ब्युटीचा कोर्स करेल. उपाशी थोडीच मरणार आहे?"

तो वाईट माणूस नाही. तो गोडाऊनमधल्या रॅकवर माल लावतो. जो माल ज्या रॅकचा, त्या रॅकवर.

सोमवारी सकाळी प्रज्ञाच्या मागोमाग मी शाळेत गेले. वहिनी काचेमागे बसलेल्या. गळ्यात शाळेचं ओळखपत्र.

"अपॉइंटमेंट आहे का?"

"नाही. गणिताच्या सरांना भेटायचंय."

"असं येता येत नाही गं. माझ्याकडून यावं लागतं."

"मग तुमच्याकडूनच आले. लिहून घ्या. मी बसते."

बसले. मुलांची असेंब्ली झाली. एक बेल झाली, दुसरी झाली. त्यांनी दोनदा येऊन सांगितलं की सर बिझी आहेत. मी म्हटलं, असू देत. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "चल. दहा मिनिटं आहेत त्यांना. मी येते सांगायला."

"नको. तुम्ही नका येऊ."

"आणि बोलणार कोण?"

"मी."

त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं.

"इयर नाइनला तुम्ही काय सांगितलंत ते मला कळलं होतं, वहिनी. रिअलिस्टिक. प्रॅक्टिकल. मला इंग्रजी कळतं."

त्यांचा चेहरा लाल झाला. पण त्या हुशार बाई आहेत. म्हणाल्या, "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते त्यांना द्यायचं नव्हतं. मी आत गेले.

गणिताचे सर तिशीचे. इंग्लंडचे. डोळ्यांखाली काळं. टेबलावर वह्यांचा ढीग. उठून उभे राहिले, खुर्ची दिली. मी कुणावर तरी राग काढायला आले होते आणि समोर हा दमलेला मुलगा.

मी बोलले. वाक्य मोडकं होतं, माहीत आहे मला. "प्रज्ञा केम, नो इंग्लिश. यू गिव्ह मॅथ्स टेस्ट इन इंग्लिश. सेट फोर. आफ्टर दॅट, हू चेक?"

त्यांनी लॅपटॉप उघडला. बराच वेळ बघितलं. म्हणाले, सेट दर टर्मला तपासतात. मार्क थोडे वरखाली असले तर शिक्षक बघतात, पण जागा कमी असतात. मग म्हणाले, "युज्वली द पेरेंट्स गेट इन टच."

पालक विचारतात. मेलवर मेल टाकतात. त्या हॉलमधल्या बायका टाकतात. हा या शाळेचा नियम आहे आणि तो कुठेही लिहिलेला नाही.

"नाऊ आय ॲम इन टच," मी म्हटलं. "हायर."

त्यांनी नाही अशी मान हलवली. वाईट वाटत होतं त्यांना, ते दिसत होतं. त्यांनी सावकाश सांगितलं, मला कळेल असं. हायरमधला मोठा भाग प्रज्ञाला शिकवलेलाच नाही. तिच्या सेटला तो शिकवत नाहीत. परीक्षा मेमध्ये. नावं याच महिन्यात जातात. हायरला बसवलं आणि जमलं नाही तर पाच नाही, चार नाही, काहीच मिळत नाही. ग्रेडच नाही. फाउंडेशनला निदान पाच नक्की. मग म्हणाले, "शी इज अ लव्हली गर्ल. नेव्हर एनी ट्रबल."

तेच तर. तिने कधी त्रास दिला नाही, म्हणून ती कुणाच्या लक्षात राहिली नाही.

त्यांनी प्रज्ञाला बोलावून घेतलं. ती दारात उभी राहिली. काचेपलीकडे वहिनी. सरांनी विचारलं, हायरचा प्रयत्न करायचाय का? तुझ्यावर आहे.

मी तिच्याकडे बघत होते. चिपळूणच्या वर्गात फळ्यावर उभी राहणारी पोर.

"नो, सर. आय ॲम फाइन विथ फाउंडेशन."

सर म्हणाले, "आर यू शुअर?"

"येस, सर."

बाहेर कॉरिडॉरमध्ये ती माझ्यावर चिडली, दबक्या आवाजात, आणि चक्क मराठीत. "आई, ते चॅप्टर मी बघितलेलेसुद्धा नाहीत. झीरो येईल. सगळे हसतील. तू का आलीस? तीन वर्षांपूर्वी यायचंस ना!"

तिचे डोळे भरले नव्हते. भरले असते तर बरं वाटलं असतं. ती वर्गात निघून गेली.

काचेसमोरून जाताना वहिनी म्हणाल्या, "झालं समाधान?"

"नाही," मी म्हटलं. "आणि पुढच्या संक्रांतीला दुसरी बाई बघा."

संध्याकाळी नवरा लवकर जेवून झोपला. प्रज्ञाने ताट आपल्या खोलीत नेलं. मी एकटीच जेवले, आणि जेवताना सगळं नीट मांडून बघितलं. प्रज्ञा मेमध्ये फाउंडेशनला बसेल. पाच मिळतील. या शाळेत पुढे जागा नाही. हायरची परीक्षा बाहेरून देता येते, पण त्यासाठी एक वर्ष घरी बसून सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल, आणि तिला त्याची इच्छा उरलेली नाही. मी तिला ढकलीन. ती उठेल की नाही, माहीत नाही. नवऱ्याची नोकरी आहे तशी राहील का, माहीत नाही. फार्मसीतली ती बाई पांढरा कोट घालून तिथेच उभी आहे. तिच्याकडे बघून आता प्रज्ञा रस्ता बदलते. हे सगळं खरं आहे आणि त्यातलं काही मी बदलू शकत नाही.

पण आईने "मुदत नाय विचारली" म्हटलं होतं तेव्हा तिलाही ठाऊक होतं की मला परीक्षा मिळणार नाही. ती माझ्यासाठी उभी नव्हती राहिली. पुढच्या वर्षी वाडीतली दोन नावं गेली. मला इतकी वर्षं वाटत होतं की ती हरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रज्ञाच्या आधी मी खाली उतरले. आमच्या टॉवरसमोर शाळांच्या बसगाड्या एकामागून एक थांबतात. आया डबे, पाण्याच्या बाटल्या धरून उभ्या असतात. मराठी, मल्याळी, लाहोरची एक. इतकी वर्षं मी त्यांना फक्त मान हलवत आले.

समोरच्या मल्याळी बाईला विचारलं, "आपका बेटा कौन से इयर में है?"

"इयर नाइन. क्यों?"

"मॅथ्स का कौन सा सेट?"

"सेट थ्री. ठीक है ना? टीचर बोलती है, गुड बॉय."

"कौन सा पेपर देगा, पूछा?"

"पेपर तो सबका एक ही होता है ना?"

"नहीं," मी म्हटलं. आणि तिथेच, फुटपाथवर, तिला सांगितलं. दोन पेपर. पाच. सहा. फेब्रुवारीत बोलावतील तेव्हा मुलाला काय व्हायचंय ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं, इंग्रजी मोडकं असलं तरी. दुसऱ्या कुणाला बोलायला न्यायचं नाही. ती घाबरून ऐकत होती. लाहोरची बाई जवळ आली. रत्नागिरीची एक खान भाभी आली, तिची पोरगी इयर एटला. "आमची अजून लहान आहे हो," ती म्हणाली. "दहावीला बघू ना, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नंतर म्हणा, भाभी. आधी सेट विचारा. आज विचारा."

प्रज्ञा खाली आली. तिने मला बायकांच्या घोळक्यात बघितलं, मान फिरवली आणि बसमध्ये चढली. खिडकीतूनही बघितलं नाही. बस गेली.

खान भाभी म्हणाली, "चला, जाऊ या वर, चहा ठेवते."

मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे." अजून दुसऱ्या शाळेची बस यायची होती. तिच्यासाठी उभ्या असलेल्या बायका रस्त्याच्या पलीकडे होत्या. मी रस्ता ओलांडला.